जुन्या प्लेटा भिंतीवर: तारेचा हँगर, चिकट चकती आणि मटन स्ट्रीटचा बाजार

चिनी मातीच्या जुन्या प्लेटा भिंतीवर लावायच्या ठरल्या की बहुतेकांचा सगळा वेळ प्लेटा निवडण्यात जातो, आणि त्या टांगायच्या कशाने हा प्रश्न शेवटच्या दिवशी सुताराच्या नाहीतर इलेक्ट्रिशियनच्या हवाली केला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या भट्टीतून निघून, दोन-तीन घरे फिरून मुंबईच्या बाजारात आलेली प्लेट आपल्याकडे आणखी किती वर्षे सुखरूप राहील, हे तिच्या पाठीमागच्या हँगरवर ठरते. म्हणून येथे मी हँगरांच्या दोन प्रचलित प्रकारांचे परीक्षण करत आहे: एक स्प्रिंगांचा तारेचा हँगर आणि दुसरी प्लेटच्या पाठीला चिकटवायची चकती. ज्या प्लेटांवर मी हे दोन्ही प्रकार वापरले, त्या बहुतेक मटन स्ट्रीटवरून, म्हणजे चोरबाजारातून आणलेल्या असल्यामुळे त्या बाजाराविषयीही सविस्तर लिहिणे भाग आहे.

निकाल आधीच सांगते. सोनेरी काठाच्या, पातळ किंवा कोरीव कडेच्या प्लेटांना चकतीच योग्य. जाड, जड आणि धडधाकट प्लेटांना तारेचा हँगर चालतो, पण तो प्लास्टिकचे आवरण असलेला हवा. आणि जिच्या आरोग्याविषयी किंचितही शंका आहे अशा प्लेटेला या दोन्हींपैकी काहीच लावू नये. तिच्यासाठी पुढे आडवी पट्टी असलेली अरुंद लाकडी फळी बरी.

तारेच्या हँगरची रचना अगदी साधी आहे. वाकवलेल्या तारेचे दोन भाग, त्यांना जोडणाऱ्या दोन स्प्रिंगा आणि टोकांना चार आकडे. खालचे दोन आकडे प्लेटच्या काठावर अडकवायचे, स्प्रिंगा ताणून वरचे दोन बसवायचे आणि वरच्या तारेला मधोमध जो कोन असतो तो भिंतीतल्या स्क्रूवर अडकवायचा. ऑनलाइन तो सहज मिळतो, स्वस्त असतो, त्याला गोंद लागत नाही आणि मन बदलले तर मिनिटभरात काढता येतो. त्याची मापे साधारणपणे 5 ते 7 इंच, 7 ते 10 इंच आणि 10 ते 14 इंच अशा टप्प्यांत असतात, आणि खरी गोम याच टप्प्यांत आहे. 10 इंची जेवणाच्या प्लेटेला 7 ते 10 चा हँगर लावला तर त्याच्या स्प्रिंगा शेवटच्या टोकापर्यंत ताणल्या जातात आणि काठावरचा दाब सर्वांत जास्त पडतो. 10 ते 14 चा लावला तर तो इतका सैल बसतो की पंखा लावला तरी प्लेट हलते. वेष्टनावर छापलेल्या मापावर विसंबून न राहता हँगर हातात घेऊन, प्लेटवर बसवून, स्प्रिंग निम्म्याच्या आसपास ताणली जाते आहे ना, हे पाहूनच तो वापरावा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या संचात एकाच मापाच्या म्हणून पाठवलेल्या हँगरांच्या स्प्रिंगा उघड्या डोळ्यांना दिसेल इतक्या कमी-जास्त लांबीच्या होत्या, त्यामुळे ही तपासणी प्रत्येक नगाची करावी लागते.

या हँगरविषयीचा माझा मुख्य आक्षेप असा की त्याची स्प्रिंग कधी विश्रांती घेत नाही. प्लेट टेबलावर ठेवलेली असो वा भिंतीवर, चार आकडे तिच्या काठाला चोवीस तास आत ओढत असतात. निकोप प्लेट हा दाब वर्षानुवर्षे सोसते. पण काठापासून निघालेली बारीक चीर असेल तर ती याच दाबाने हळूहळू पुढे सरकते. दुसरा आक्षेप सोनेरी काठाचा. प्लेटवरचे सोने ग्लेझच्या, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या थराच्या वर, कमी तापमानाच्या शेवटच्या भाजणीत बसवलेले असते. ते ग्लेझखालच्या निळ्या रंगासारखे सुरक्षित नसते आणि धातूच्या आकड्याने घासले की जाते. आकड्यांवर पारदर्शक नळ्या चढवलेले हँगर मिळतात, त्यांनी घासणे कमी होते, पण चार आकडे समोरून दिसतात ते दिसतातच.

तिसरा आक्षेप समुद्रकाठच्या घरांपुरता आहे, पण मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरावा. पितळी म्हणून विकले जाणारे बहुतेक हँगर लोखंडी तारेवर पितळी रंगाचा मुलामा दिलेले असतात, आणि खाऱ्या हवेत तो मुलामा पहिल्यांदा सुटतो तो वळणांवर, म्हणजे नेमका आकड्यांपाशी. माझ्याकडच्या एका विलो (चिनी धर्तीची निळी छापील नक्षी) प्लेटेच्या काठावर आधीच्या मालकाच्या हँगरने सोडलेले चार तांबूस डाग आहेत. भिंगातून पाहिले तर गंज पृष्ठभागावर नाही हे स्पष्ट दिसते: जुन्या अर्दनवेअरच्या ग्लेझवर पडलेल्या केसाएवढ्या बारीक भेगांच्या जाळीतून तो आत उतरला आहे आणि प्रत्येक डागाभोवती त्या जाळीचीच तपकिरी नक्षी उमटली आहे. अर्दनवेअरची माती सच्छिद्र असते, वर्षानुवर्षे हवेतली आर्द्रता शोषून ती किंचित फुगते आणि वरची काचेसारखी ग्लेझ त्या ताणाने भेगाळते. त्या भेगांत शिरलेला गंज घासून निघत नाही. म्हणून तारेचाच हँगर घ्यायचा असेल तर पांढरे प्लास्टिकचे आवरण असलेला घ्यावा. तो दिसायला कमी देखणा आहे, पण पांढऱ्या काठावर नजरेतही कमी येतो.

आता चकतीकडे येऊ. इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत बरीच वर्षे रूढ आहे. आपल्याकडे ती आता ऑनलाइन मागवता येते, मात्र तारेच्या हँगरच्या तुलनेत बरीच महाग पडते. पातळ गोल चकती, तिच्या एका बाजूला पाण्याने जागा होणारा वाळका गोंद आणि वरच्या कडेला भिंतीतल्या स्क्रूसाठी धातूची छोटी कडी, असे तिचे स्वरूप असते. 50, 75, 100 आणि 140 मिलिमीटर अशा व्यासांत ती मिळते. प्लेटच्या तळाच्या कडेच्या आत जो सपाट गोल भाग असतो, त्यात पूर्ण बसेल अशी मोठ्यांत मोठी चकती निवडावी. कडेवर चढलेली चकती पूर्ण टेकत नाही आणि मग तिचा काही भरवसा नाही.

चिकटवण्याची कृती वेष्टनावर दोन ओळींत दिलेली असते, पण यशापयश त्या दोन ओळींतच आहे. प्लेटची पाठ साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, कारण जुन्या प्लेटांच्या पाठीवर स्वयंपाकघराच्या तेलकट धुराचा थर असतो आणि तो नुसत्या फडक्याने जात नाही. चकतीच्या गोंदावर थोडे पाणी बोटाने सारखे पसरावे आणि मग थांबावे. या थांबण्यालाच लोक कंटाळतात. गोंद ओला असताना चकती लगेच दाबली तर ती घसरते आणि कोरड्या गोंदाचे बेट मध्ये राहून जाते. काही मिनिटांनी गोंद बोटाला तार धरू लागला की मगच ती बसवावी आणि मधून बाहेरच्या दिशेने अंगठ्याने दाबत न्यावी, म्हणजे आत हवा राहत नाही. त्यानंतर प्लेट पालथी ठेवून किमान एक रात्र वाळू द्यावी. पावसाळ्यात, विशेषतः जुलैच्या मुंबईत, एक रात्र पुरत नाही. कडेला कोरडी वाटणारी चकती मध्यभागी ओलसर असते. शक्य तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे. वाळल्यावर प्लेट गादीवर धरून कडीला हाताने चांगला हिसका द्यावा. सुटायची असेल तर ती गादीवरच सुटलेली बरी.

चकतीचा मोठा गुण असा की समोरून काही म्हणजे काही दिसत नाही. विलोसारख्या नक्षीत काठावरची भौमितिक पट्टी हा चित्राचा जवळजवळ अर्धा भाग असतो. तारेचे आकडे नेमके तिलाच छेदतात, आणि चकती लावल्यावर तीच प्लेट प्रथमच पूर्ण पाहिल्यासारखे वाटते. शिवाय काठावर कोणताही दाब येत नाही. सगळा भार पाठीच्या सपाट भागावर विभागला जातो. चकती काढायची झाली तर ओले फडके ठेवून गोंद भिजवला की ती सोलून निघते आणि ग्लेझ चांगली असेल तर मागे खूण राहत नाही.

मात्र जो गोंद पाण्याने निघतो, तो पाण्याने सुटतोही, हे गैरसोयीचे सत्य विसरता येत नाही. मोरीजवळ, गॅसच्या ओट्यामागे किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर चकती लावू नये. ज्या प्लेटेच्या पाठीवर ग्लेझ भेगाळलेली आहे तिथेही ती टाळावी, कारण गोंदाचे पाणी भेगांतून आत जाते आणि वर्षभराने पिवळसर गोल डाग दिसू लागतो. पाठीवर ग्लेझच नसेल, म्हणजे माती उघडी असेल, तर चकतीचा विचारही करू नये. आणि स्वस्तात पडते म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा झटपट चिकटणारा रासायनिक गोंद वापरण्याचा सल्ला काही जण देतात. टेप उष्म्याने ढिली होते आणि तो गोंद काढताना ग्लेझ उखडते, तेव्हा या सल्ल्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य.

भिंतीविषयी थोडक्यात. 10 इंची अर्दनवेअर प्लेट साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते आणि मटण वाढायचा मोठा लंबगोल थाळा दीड-दोन किलोपर्यंत जातो. हा भार भिंतीच्या दृष्टीने फार नाही, पण भिंत कशाची आहे यावर सर्व अवलंबून असते. विटांच्या जुन्या भिंतीत गिलाव्याच्या आत विटेपर्यंत पोहोचणारा प्लग आणि स्क्रू पुरेसा होतो. नव्या इमारतींत मात्र बहुधा हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. "ताई, हे सायपोरेक्स आहे, इथे साधा खिळा आज बसेल आणि उद्या हातात येईल," असे आमच्या इलेक्ट्रिशियनने ड्रिल टेकवताच सांगितले, आणि ते बरोबरच होते; अशा भिंतीला त्या ब्लॉकसाठीचेच लांब, रुंद दातांचे प्लग लागतात. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर हलक्या बशांपलीकडे काही टांगू नये. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर ती भिंत प्लेटांसाठी बादच समजावी. भिंत कोणतीही असो, प्लेटच्या पाठीला खालच्या बाजूस रबराची दोन छोटी बटणे लावली की ती भिंतीला घासत नाही आणि मागे हवा खेळती राहते.

एवढे सगळे ज्या प्लेटांसाठी करायचे त्या आणायच्या कोठून? मुंबईत पहिले उत्तर मटन स्ट्रीट हेच आहे. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोड स्थानकावरून चालत जाता येते. शुक्रवारी तिथली पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून जुम्मा बाजार भरतो, तेव्हा प्लेटांसाठी जायचे तर इतर वारी, सकाळी उशिरा, दुकाने नीट उघडल्यावर जावे. प्लेटा क्वचितच समोर मांडलेल्या असतात. जुनी झुंबरे, सिनेमाची पोस्टरे, जहाजांवरचे दिवे यांच्या मागे, जमिनीवर, वर्तमानपत्रही न घालता एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्या रचलेल्या ढिगातून आपण मधलीच प्लेट ओढली तर दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होतो. "आप हाथ मत लगाओ, मैं दिखाता हूँ," हे वाक्य ऐकायची तयारी ठेवावी; ते उद्धटपणाने म्हटलेले नसते.

दुकानदार पहिली किंमत आपल्या चपलांकडे पाहून सांगतो असा माझा दाट संशय आहे. घासाघीस अपेक्षितच असते, पण एकेका प्लेटेवर भांडण्यापेक्षा पाच-सहा प्लेटा बाजूला काढून एकत्र भाव विचारला तर व्यवहार लवकर जमतो. भिंतीसाठी घेताना पूर्ण संच लागत नाही, ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. संचातून उरलेली एकटी प्लेट जेवणाच्या टेबलासाठी घेणाऱ्याला निरुपयोगी असते आणि दुकानदारालाही ती अडगळच वाटते. भिंतीला मात्र हीच एकटी माणसे हवी असतात.

प्लेट विकत घेण्यापूर्वीची पहिली परीक्षा कानाची. प्लेट डाव्या हाताच्या तीन बोटांवर तळाशी तोलून धरावी आणि उजव्या हाताच्या नखाने किंवा बोटाच्या पेराने काठावर हलकी टिचकी मारावी. पोर्सेलिन किंवा बोन चायना असेल तर लांब रेंगाळणारा नाद येतो, अर्दनवेअरचा नाद आखूड असतो, पण स्वच्छ असतो. बद्द आवाज आला की कोठेतरी चीर आहे, मग ती दिसो वा न दिसो. अशी प्लेट तारेच्या हँगरला चालत नाही. लहान असेल तर फळीवर ठेवायला चालते, आणि भाव त्या हिशेबाने पाडून घ्यावा. काठावरचा टवका हा त्यामानाने निरुपद्रवी दोष आहे. टवका उडालेली बाजू खाली किंवा सोफ्याच्या आडोशाला ठेवता येते.

दुसरी परीक्षा नजरेची, आणि ती प्लेट उलटी करून करायची. खरोखर वापरलेल्या प्लेटेच्या तळाची कड घासून धूसर, किंचित मळकट झालेली असते, आणि पुढच्या बाजूला प्रकाश तिरपा पाडला की सुरीचे बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे दिसतात. जुनी भासावी म्हणून चहाच्या रंगात बुडवलेली नवी प्लेट या बाजारात मुबलक आहे. तिचा तपकिरीपणा सर्वत्र सारखा असतो आणि ओरखडे मुळीच नसतात. छापील नक्षीची प्लेट असेल तर काठाची पट्टी नीट पाहावी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर छाप घेऊन तो प्लेटेवर उतरवण्याची पद्धत रुळली; सपाट कागद गोल काठावर बसवताना कोठेतरी सांधा येतोच आणि तिथे नक्षी किंचित तुटते किंवा एकमेकींवर चढते. तो सांधा सापडला की मला फार बरे वाटते, कारण तिथे कारखान्यातल्या कोणाच्या तरी बोटांचे काम दिसते.

मागच्या शिक्क्यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या 1890 च्या आयातशुल्क कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे पुढच्या वर्षापासून बंधनकारक झाले, त्यामुळे नुसते 'इंग्लंड' असलेली प्लेट बहुधा 1891 नंतरची आणि 'मेड इन इंग्लंड' असलेली बहुधा विसाव्या शतकातली समजतात. जपानी मालावर 1921 पर्यंत 'निप्पॉन' असे, त्यानंतर 'जपान' असे लिहिले जाई. महायुद्धानंतर 1952 पर्यंतच्या काही मालावर 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का सापडतो आणि तो संग्राहकांना विशेष प्रिय आहे. हे शिक्केही बनावट असू शकतात, म्हणून त्यांचा पुरावा तळाच्या कडेच्या आणि ओरखड्यांच्या नंतरचा मानावा. इंग्लंडमधल्या हॅन्लीच्या जॉन्सन ब्रदर्सची 'इंडियन ट्री' नक्षीची प्लेट, गुलाबी रंगात किल्ल्यांची चित्रे छापलेली प्लेट, अनेक कारखान्यांनी छापलेली निळी विलो प्लेट, नोरिताके या जपानी कारखान्याच्या पातळ काठाच्या बशा आणि कलकत्त्याच्या बेंगॉल पॉटरीजचा जाडजूड हॉटेली माल या गोष्टी या बाजारात ओळखीच्या आहेत. यातला शेवटचा प्रकार लोक नाक मुरडून बाजूला ठेवतात, पण भिंतीसाठी तो मला आवडतो: काठ जाड असतो, नुसती हिरवी किंवा तपकिरी रेघ असते, आणि निळ्या नक्षीच्या गर्दीत डोळ्याला उसंत मिळते.

विलो प्लेटेविषयी दुकानदार हमखास चिनी प्रेमिकांची गोष्ट सांगतो: पळून जाणारे जोडपे, पुलावरच्या तीन आकृत्या, शेवटी दोन पक्षी. ही नक्षी चिनी मालाच्या धर्तीवर अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली आणि गोष्ट त्यानंतर इंग्लंडमध्येच रचली गेली; चीनशी तिचा संबंध नाही. हिंदुस्थानच्या संदर्भात अधिक रंजक अशी स्पोड या इंग्लिश कारखान्याची 1810 च्या सुमाराची शिकारदृश्यांची मालिका आहे, जिच्यात हत्ती, वाघ आणि रानडुकरे स्टॅफर्डशायरच्या निळ्या रंगात अवतरतात. ती मटन स्ट्रीटवर सहज हाती लागेल अशी आशा मी करत नाही.

प्लेटांनी भिंत आणि छत सजवण्याची कल्पना जुनी आहे. लिस्बनच्या सांतुश राजवाड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस एका दालनाचे पिरॅमिडाकार छत अडीचशेहून अधिक निळ्या-पांढऱ्या चिनी प्लेटांनी मढवले गेले. त्याच पोर्तुगीज व्यापारमार्गावर मकावहून आलेले चिनी पोर्सेलिन गोव्यात स्थिरावले. चांदरचे मिनेझिस ब्रागांझा घर आणि लोटलीचे फिगेरेदो घर येथे असे पोर्सेलिन आजही जपलेले आहे. मुंबईत ते आणले चीनमधल्या कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी, आणि चोरबाजारात येणाऱ्या चांगल्या चिनी प्लेटांचा उगम अनेकदा अशाच रिकाम्या झालेल्या जुन्या घरांत असतो. खरेदीला जाण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली चिनी आणि जपानी कलादालने पाहून यावीत, असा माझा आग्रह आहे. टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या या वस्तू काचेआड का होईना, पण जवळून पाहिल्या की चांगल्या निळ्या रंगाची खोली डोळ्यांत बसते आणि मग बाजारातला चपटा, शाईसारखा निळा लगेच ओळखू येतो.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सूचना करणे आवश्यक आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. दुकानदार "दीडसौ साल पुराना" म्हणून प्लेट विकतो आणि त्याच दमात "ले जाने में कोई प्रॉब्लम नहीं" असेही सांगतो. ही दोन वाक्ये एकत्र खरी असू शकत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावरचा माल घ्यावा आणि पावती मागून घ्यावी.

डेन्मार्कच्या नाताळच्या प्लेटा मिळाल्या तर हँगरचा प्रश्नच सुटतो. बिंग अँड ग्रेनडाल कारखान्याने 1895 पासून आणि रॉयल कोपनहेगनने 1908 पासून दर वर्षी एक अशा या निळ्या प्लेटा काढल्या. त्या मुळात भिंतीसाठीच असल्यामुळे तळाच्या कडेला दोरी ओवायची भोके असतात. तिथे चकती किंवा तार लावणे म्हणजे उगाच खर्च. मात्र जुनी दोरी बदलून नायलॉनची मजबूत दोरी घालावी.

मांडणीविषयी माझे मत अगदी थोडके आहे. प्लेटांच्या मापाचे वर्तमानपत्राचे गोल कापून ते भिंतीवर चिकटपट्टीने लावून पाहावेत, सर्वांत मोठी प्लेट नेमकी मध्यभागी ठेवण्याचा मोह आवरावा आणि दोन प्लेटांमध्ये दोन-तीन इंचांहून अधिक अंतर सोडू नये, नाहीतर त्या विखुरलेल्या दिसतात. डोक्याच्या वर, म्हणजे पलंगाच्या उशाला, काहीही टांगू नये, मग हँगर कितीही विश्वासाचा असो. भिंतीवरच्या प्लेटा उतरवून पुन्हा जेवायला वापरण्याचा विचारही करू नये, कारण जुन्या रंगांत आणि ग्लेझमध्ये शिसे असू शकते.

खरेदीचा क्रम एवढाच ठेवावा: आधी प्लेटा आणाव्यात, धुवाव्यात, प्रत्येकीच्या तळाच्या सपाट भागाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहावा आणि मग त्या यादीवरून चकत्या मागवाव्यात. 100 मिलिमीटरच्या चकत्या सर्वांत जास्त लागतात, 50 च्या फक्त बशांना. तारेचे हँगर पांढऱ्या आवरणाचे आणि मोजकेच घ्यावेत, आणि दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक प्लेट उतरवून कडी, गोंद आणि स्क्रू हाताने तपासावेत.